आहे की इथेच

माझा मामा डोळ्यांच्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. नाकातून बोलतो आणि दर वाक्याला 'आहे की' चिकटवतो. गेल्या महिन्यात त्याने एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. सर्व्हरने ती सकाळी आठला आपणहून चालवायची, तिने पेशंटची यादी वाचायची आणि बाहेरच्या टीव्हीवर नंबर लावायचे. सोमवारी टीव्ही कोराच. डॉक्टरीणबाईंनी बुधवारपर्यंत मुदत दिली. नाही जमलं तर कंपाउंडर पूर्वीसारखा नावं पुकारणार आणि मामा परत केसपेपरच्या खिडकीत.

मामाने स्वतः चालवली की स्क्रिप्ट सुरळीत धावायची. सर्व्हरने चालवली की एकच रड, फाइल सापडत नाही. "आहे की इथेच, शेजारी," मामा मशीनला सांगायचा, मठ्ठ पोराला सांगावं तसा. कंपाउंडर मुद्दाम दारातून घसा खाकरत जायचा. सराव चालू होता म्हणे.

मंगळवारी मामाने घरी फोन केला. त्याची वही टेबलावर राहिली होती, त्यातलं काही वाचून हवं होतं.

"उजव्या हाताला आहे की."

मामी ओट्यापाशी उभी होती. "माझ्या उजव्या हाताला गॅस आहे."

"अगं, टेबलाशी बसल्यावर उजव्या हाताला."

"मग तसं सांगा ना. मी काय तुमच्या खुर्चीत बसून फोन घेते?"

पलीकडे मामाची ट्यूब पेटली. मग फोनच बंद, वही राहिली बाजूला. स्क्रिप्टमध्ये मामाने फाइलचं नुसतं नाव लिहिलं होतं, म्हणजे 'मी उभा आहे तिथली यादी'. मामा उभा स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये, सर्व्हर उभा स्वतःच्या. तिथे कसली यादी? मामाने फाइलचा पत्ता मुळापासून पूर्ण लिहिला.

बुधवारी आठ वाजले. रड नाही, चूक नाही आणि टीव्ही पुन्हा कोरा. डॉक्टरीणबाईंनी कंपाउंडरला खूण केली. मामाने सर्व्हर उघडून पाहिला. वाचायच्या फाइलचा पत्ता पूर्ण केला होता, टीव्हीसाठी नंबर लिहायच्या फाइलचा राहिला होता; सर्व्हरने सगळे नंबर इमानदारीत आपल्याच घरात लिहून ठेवले होते. तो पत्ता दुरुस्त करेपर्यंत कंपाउंडर सातव्या नावावर पोचला.

आठवा नंबर टीव्हीवर झळकला. त्या नंबरचे आजोबा डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून बसले होते. कंपाउंडरने पुकारल्यावरच उठले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टीव्हीही चालू ठेवा, पुकारणंही चालू ठेवा. मामाची खुर्ची वाचली. कंपाउंडर मात्र अजून दारातून घसा खाकरत जातो.