कूलरवरचा धबधबा

काल बिट्टन मार्केटात एका दुकानदाराने कूलरच्या ताट्या भिजवून ठेवल्या होत्या. खसचा, म्हणजे आपल्या वाळ्याचा, तो ओला वास आला आणि मी थेट बरखेड्याच्या आमच्या लहानपणच्या, बाबांच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये जाऊन पोहोचले.

कारखान्याने बाबांना ट्रेनिंगला इंग्लंडला पाठवलं होतं. तिथल्या एका धबधब्याचा फोटो त्यांनी काढून आणला होता. "रिटायर झालो की तुला तिथे नेऊन दाखवतो," असं ते आईला म्हणायचे. पुढे आईने अंथरूण धरलं. त्या मे महिन्यात बाबांनी बैठकीतला तो फोटो काढून आतल्या खोलीत कूलरच्या बरोबर वर, तिला दिसेल असा टांगला. गार वाऱ्याबरोबर तोंडावर तुषार आले की आई डोळे मिटून म्हणायची, "अहो, पोहोचले बघा मी." मला ती गंमत वाटायची. याहून जवळ आपण जाणार नाही, हे तिला ठाऊक होतं, ते मला आज कळतं.

आई गेली त्या दुपारी शेजारच्या काकूंनी कूलर बंद केला. बाबा एकदम कळवळून म्हणाले, "चालू राहू द्या हो वहिनी. बघतेय ती."