अकरा ते बाराची गोळी

डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत तिन्ही मजल्यांची स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं एकाच डक्टवर उघडतात. डक्ट म्हणजे सांडपाण्याचे पाइप उतरवण्यासाठी सोडलेली, वरून उघडी, चारेक हात रुंदीची जागा. खाली लसूण तेलात पडला की तिसऱ्या मजल्यावर आमच्याकडे अर्ध्या मिनिटात कळतं. लग्नानंतर सहा वर्षं त्यात मला काही गैर वाटलं नव्हतं. सातव्या वर्षी, गरोदरपणाच्या सहाव्या आठवड्यात, खालच्या दोन्ही घरांच्या फोडण्यांचं वेळापत्रक मला पाठ झालं.

पहिली सव्वासहाला, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची. त्या साताऱ्याकडच्या. दोन मुलींचे डबे, त्यामुळे भाजी रोज आणि लसूण भरपूर. दुसरी आठच्या सुमारास, पहिल्या मजल्यावरच्या मावशींची. मावशी आगरी. इमारत उभी आहे ती जागा त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती. त्यांच्याकडे आठवड्यातून तीनदा सुकट भाजली जाते. तिसरी फोडणी अकरानंतर, दोन्ही घरांतून जवळजवळ एकदम, दुपारच्या डाळीची.

डॉक्टरांनी फॉलिक ऍसिडची गोळी दिली होती, नाश्त्यानंतर एक. नाश्ता सुकटीच्या आधी केला तर सुकटीबरोबर उलटून पडायचा, नंतर केला तर तोंडातच जायचा नाही. गोळीही त्याबरोबर जायची. पाच मिनिटांत पडलेली गोळी घेतली असं धरायचं का, वीस मिनिटांत पडलेली धरायचं का, हे मला कोणाला विचारता येत नव्हतं. कारण आमच्या घरी तीन महिने पुरे होईपर्यंत बाहेर काही सांगायचं नाही असा नियम होता. नियम सासूबाईंचा. शेजारी त्यांनी मला पित्त झालंय असं सांगितलं होतं. त्यामुळे मावशींनी आवळ्याचा मुरंबा पाठवला आणि वहिनींनी कोकमाचं आगळ. दोन्ही आमच्या फ्रिजमध्ये तसंच राहिलं.

मी एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुपारच्या पाळीत काम करते. त्याआधी चार वर्षं आरोग्याची पुरवणी बघत होते. फॉलिक ऍसिडवरचा मजकूर माझ्या हाताखालून किमान तीनदा गेला होता. बाळाचा पाठीचा कणा अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत आकार घेतो आणि ही गोळी त्याच काळात महत्त्वाची, हे वाक्य एकदा मीच चौकटीत ठळक टाकलं होतं. घाबरण्यापुरती माहिती माझ्याकडे होती, धीर येण्यापुरती नव्हती.

आठव्या आठवड्यात तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?" मी म्हणाले, "हो." दुसऱ्यांच्या बातम्यांतली खोटी वाक्यं शोधणं हे माझं काम. हे वाक्य मी विनासायास बोलले, कारण बाहेर आणखी नऊ जणी बसल्या होत्या आणि मला लाज वाटली.

चार दिवसांनी सासूबाईंनी औषधांच्या डब्यातून गोळ्यांची पट्टी काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"अगं, पंधराची पट्टी. आणून तीन आठवडे झाले. यात अजून अकरा आहेत."

"पडतात हो, आई. घेतली की पडते. मग घेतच नाही कधीकधी."

"डॉक्टरला सांगितलंस?"

मी पट्टी त्यांच्या हातातून घेतली आणि डब्यात परत ठेवली. त्या रत्नागिरीकडच्या, पंचवीस वर्षं पोस्टात नोकरी केलेल्या. विषय टाळण्याचा अर्थ त्यांना कळतो.

"उद्या मी येते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर मी खरं सांगितलं. सासूबाईंनी माझ्यातर्फे बोलायला तोंड उघडलं होतं, पण डॉक्टरांनी त्यांना हाताने थांबवलं आणि मला पूर्ण बोलू दिलं. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: पाणी पोटात राहतं का, आणि लघवी नेहमीसारखी होते का. दोन्हींचं उत्तर हो होतं. मग त्या म्हणाल्या, "दिवस राहायच्या आधीपासून घेतली असतीस तर उत्तम. पण माझ्याकडे निम्म्या जणी तशाच येतात, आणि बहुतेकींची बाळं ठणठणीत असतात. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही. उलटीसाठी औषध देते. आणि नाश्त्यानंतरच घे असा काही कायदा नाही. दिवसात कधी बरं वाटतं?"

मी विचार केला. "अकरा ते बारा. फोडणी नसेल तर."

"मग तेव्हा घे."

"फोडणी असते."

डॉक्टरांनी सासूबाईंकडे पाहिलं. "ते तुमच्या खात्यातलं," त्या म्हणाल्या.

कण्याचं विचारलं तेव्हा त्यांनी तितकंच सरळ सांगितलं. शक्यता चांगली आहे, पण खात्री एकोणिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीतच. म्हणजे जवळपास अडीच महिने.

घरी आल्यावर सासूबाईंनी साडी बदलली, चहा घेतला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेल्या. मी आतल्या खोलीत पडले होते. तीन महिन्यांना अजून तीन आठवडे बाकी होते.

"वहिनी, आहात का? जरा खिडकीत या. मावशींनाही हाक मारा."

खाली भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग मावशींचा आवाज आला, "काय गो, काय झाला?"

"आमच्या सुनेला पित्त नाही."

"ता माहीत हाय," मावशी म्हणाल्या. "पित्ताची बाई आंघोळ करताना रडत नाय."

"अहो, मला तर पहिल्याच आठवड्यात कळलेलं," वहिनींनी सांगितलं. "कोकम पाठवलं ते त्यासाठीच. तुम्ही पित्त म्हणालात, मग मी पण पित्त म्हणाले."

पुढची पाच मिनिटं खालच्या दोघी कोणाला आधी कळलं यावर वाद घालत होत्या. मावशींनी चालीवरून ओळखल्याचं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, चालीवरून कोणाला नवव्या आठवड्यात कळतं, तुम्ही काय सोनोग्राफी आहात का. शेवटी सासूबाईंनी मुद्दा मांडला. अकरा ते बारा कोणी फोडणी घालायची नाही. त्या तासात गोळी घ्यायची आणि ती पोटात राहिली पाहिजे.

"बारालाच जेवायला येतात आमचे," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या नवऱ्याचं दुकान कोपऱ्यावर आहे. "बाराला फोडणी घातली तर काय, साडेबाराला जेवायचं?"

"पावणेअकराला घाला. झाकून ठेवा."

"डाळ थंड होते हो."

"गरम करायला गॅस मी भरून देते."

"तसं नाही म्हणाले मी. घालते, घालते."

मावशींना अट मान्य होती, फक्त रविवार सोडून. रविवारी त्यांचे मुलगे, सुना, नातवंडं अशी चौदा माणसं जेवायला असतात आणि कालवण अकरालाच शिजायला लागतं. यावर बरीच घासाघीस झाली. शेवटी असं ठरलं की रविवारी अकरा ते बारा मी इमारतीत राहायचंच नाही.

मी आतून ऐकत होते. मला मत विचारलं गेलं नाही.

व्यवस्था दुसऱ्या दिवसापासून लागू झाली. अकराला दोन टोस्ट, सव्वाअकराला गोळी, मग तासभर डाव्या कुशीवर. पहिल्या आठवड्यात सातपैकी चार गोळ्या राहिल्या, दुसऱ्या आठवड्यात सहा. यात उलटीच्या औषधाचा वाटा किती आणि डक्टचा किती, हे वेगळं काढता येत नाही. रविवारी नवरा मला खडवलीला न्यायचा. नदीकाठी बसून मी टोस्ट खायचे आणि तो मोबाइलवर क्रिकेट बघायचा. एका मंगळवारी सव्वाअकराला डक्टमधून मोहरीचा वास आला. मी उठायच्या आत खालून मावशी ओरडल्या, "कोन हाय ता? बंद कर!" वहिनींची धाकटी मुलगी परीक्षेच्या सुट्टीत घरी होती आणि मॅगीला फोडणी घालत होती. मॅगीला फोडणी कोण घालतं, यावर ती दुपारभर बोलणी खात होती. त्या दिवशीची गोळी हसण्यामुळे पडायची वेळ आली, पण राहिली.

बाराव्या आठवड्यानंतर उलट्या कमी झाल्या आणि चौदाव्यात थांबल्या. फोडण्या आपापल्या वेळी परत आल्या. सुरुवातीच्या गोळ्या मात्र गेल्या त्या गेल्याच होत्या. मी काम करायचे, जेवायचे, आणि मधेच कॅलेंडरवर एकोणिसावा आठवडा बघायचे.

सोनोग्राफी ठाण्याला होती, कोपरीत. नवऱ्याला सुट्टी नव्हती, सासूबाई आल्या. आत तिथल्या डॉक्टर वीस मिनिटं पडद्याकडे पाहत होत्या. डोकं, हृदय, हात, पाय, एकेक ठीक असं सांगत गेल्या. मग म्हणाल्या, "कणा दिसत नाहीये. बाळ पाठ खाली करून झोपलंय. बाहेर जरा चालून या, काहीतरी गोड खा."

बाहेर येऊन मी हे सांगितलं. सासूबाईंनी पिशवीतून शिऱ्याचा डबा काढला. तो असणारच होता. कोपरीच्या गल्लीत आम्ही फेऱ्या मारल्या, एक फेरी आणि तीन चमचे शिरा या हिशेबाने.

"आत्तापासून कोणाचं ऐकत नाही, म्हणजे बापावर गेलंय," त्या म्हणाल्या. "त्याला उठवायला मला तोंडावर पाणी मारावं लागायचं."

"तुम्हीही दोन चमचे घ्या ना."

"तू खा. मला नको."

पाचव्या फेरीनंतर परत गेलो. या वेळी बाळ कुशीवर वळलेलं होतं. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे फिरवला. पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन रांगा मानेपासून खाली जात होत्या आणि शेवटी एकमेकींना मिळत होत्या.

"हा कणा. व्यवस्थित आहे."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"आडवा छेदही पाहिलात?"

त्यांनी हात थांबवला. "तुम्ही काय करता?"

"वर्तमानपत्रात आहे."

"तरीच. पाहिला. रिपोर्टमध्ये लिहिते, मग तर झालं?"

बाहेर सासूबाई बाकावर बसल्या नव्हत्या, दाराला लागून उभ्या होत्या. मी म्हणाले, "आई, कणा नीट आहे. दोनदा विचारलं." त्यांनी मान हलवली, चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा घातला.

"मग चल आता कुठेतरी," त्या म्हणाल्या. "सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाहीये मी."

हे मला माहीत नव्हतं. समोरच्या हॉटेलात त्यांनी पाण्याचे दोन ग्लास एका दमात संपवले. मग एक प्लेट मेदूवडा मागवला आणि माझ्याकडे न बघता तो संपवला. त्यानंतर दुसरी प्लेट सांगितली आणि मला विचारलं, "तू खाणार का काही?"