‘थांबा’ म्हटल्यावर थांबणारी

ब्रेकताई हे नाव तिच्या शिकाऊंनीच पाडलेलं. ती गाडी शिकवायची, तिच्या बाजूलाही एक जादा ब्रेक असायचा आणि ओठांवर एकच शब्द, “थांबा!” इतका खणखणीत, की शेजारच्या गल्लीतला सायकलवालासुद्धा पाय टेकायचा. अर्धं गाव तिच्या हाताखालून गेलं होतं. तिचा हिशेब साधा होता: गाडी काय, कुणीही पळवतो, ‘थांबा’ म्हटल्यावर जो थांबतो, भरवसा त्याच्यावर ठेवायचा.

मग एका चौकात सिग्नल तोडून आलेला टेम्पो गाडीवर आदळला. शिकणारी मुलगी खरचटण्यावर सुटली आणि पुढं मजेत गाडी चालवायला लागली. ताईच्या अंगावर ओरखडा नव्हता, पण गाडीचं दार उघडलं की तिच्या हातापायांना कापरं भरायचं. ड्रायव्हिंग स्कूलचा मालक भला माणूस. “ऑफिसात बसून फळ्यावर रहदारीच्या खुणा शिकवा,” म्हणाला. पण फळ्यावर गाडी किती दिवस चालणार? काम हातचं जाणार हे तिला स्वच्छ दिसत होतं.

“मन घट्ट कर,” नवरा म्हणाला.

“झाकण आहे का ते, घट्ट करायला?” असं म्हणून ताई समुपदेशक शोधायला निघाली.

पहिल्या बाई थोरल्या जावेनं सुचवलेल्या. “अगं, इतक्या गोड आहेत ना!” गोड होत्याच, प्रत्येक शब्द पाकात बुडवून काढलेला. “आऽणि मऽग तुम्हाऽला कसं वाऽटलं? डोऽळे मिटा. तुम्ही समुद्रकिनारी आहात...”

“थांबा,” ताई म्हणाली.

बाई थांबल्या, पण त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. “माझं काही चुकलं का हो?” उरलेला वेळ ताईच त्यांची समजूत काढत बसली.

दुसरे डॉक्टर नावाजलेले, भिंतभर प्रमाणपत्रं. ताई खुर्चीत टेकते न टेकते तोच, “हे बघा, तुमचं काय झालंय सांगतो, अगदी क्लासिक केस, आता असं करायचं...” गालिच्यावर ताईचा पाय आपोआप ब्रेक शोधायला लागला.

“थांबा!”

“एक मिनिट, माझं पुरं होऊ द्या!” आणि त्यांची गाडी सुसाट पुढं.

नवरा वैतागला. “डॉक्टर म्हणजे काय चपला आहेत, दुकानभर घालून बघायला?”

“चप्पल चावली तर काढून हातात घेता येते. मन कुठं काढून ठेवू?”

जाऊ फणकारली, “तुझंच काहीतरी वाकडं!” क्षणभर ताईलाही वाटलं, आपणच नाठाळ असू. पण रडवेल्या शिकाऊला ती नेहमी सांगायची, ‘गाडी जमत नाही असं नाही रे, मास्तर जमला नसेल. माझ्याशी पटत नसेल तर दुसरीकडं शीक.’ तेच तिनं आता स्वतःला ऐकवलं.

तिसऱ्या बाईंना तिनं आधी फोनवरच विचारलं. अपघातातून गेलेली माणसं पाहिलीत का? काय करता? नाहीच पटलं तर?

“पाहिलीत,” पलीकडून कोरडा आवाज. “आधी बोलतो, मग हळूहळू भीतीच्या जवळ जातो. नाही पटलं तर सांगा, दुसरं कुणी सुचवेन.”

खोलीही तशीच कोरडी, दोन खुर्च्या नि एक खिडकी. बाई बोलायच्या ते हवामानाचा अंदाज वाचल्यासारखं. “टेम्पो दिसला तेव्हा तुम्ही...”

“थांबा.”

बाई तिथल्या तिथं थांबल्या. रुसल्या नाहीत की ओशाळल्या नाहीत. जरा वेळानं म्हणाल्या, “पाणी?” बस, एवढंच.

ताई पाणी प्याली, आणि कुणालाच न सांगितलेलं बोलून गेली. “ब्रेक दाबला होता मी. पण उशिरा दाबला असं वाटतं.”

“इथूनच सुरू करू,” बाई म्हणाल्या.

आधी नुसतं बोलणं झालं, मग बंद गाडीत बसणं, मग मोकळ्या मैदानात फेऱ्या. भीती काही सामान बांधून गेली नाही, पण तिला सोबत घेऊन बसणं ताईला जमायला लागलं. अखेर ती पुन्हा शिकवायला बसली, तेव्हा स्टिअरिंगवर होते बँकेतून निवृत्त झालेले एक काका. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

“बाई, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?”

“घाबरलेय,” ताई म्हणाली. “तुम्ही?”

“मीपण.”

“मग झकास. पट्टा लावा, आरसा बघा आणि टाका पहिला गिअर.”