काळोखाच्या बैठकीत काढलेला किनारा

राहणं, जेवण, रंग, सगळं आमच्याकडून, असा आयोजकांचा निरोप आला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. वसईत 'काळोखं आकाश आणि समाज' या विषयावर बैठक होती. खगोलवाले, डॉक्टर, पक्षीवाले, कोळीवाड्यातली मंडळी बोलणार आणि मी भिंतीवरच्या लांबलचक कागदावर ते बोलणं तिथल्या तिथे चित्रात उतरवणार. चित्रकाराचे एवढे लाड कोण करतं? तरी पुण्याहून निघाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते: वसई स्टेशनच्या पश्चिमेला किल्ल्याकडे जाणारी शेअर रिक्षा स्वस्त पडते. एकटे बसलात तर भाडं आधी ठरवा. मी ठरवलं नाही आणि रस्ताभर मीटर नसलेल्या त्या रिक्षात धास्तावून बसले.

बैठक कोळीवाड्याच्या सभागृहात होती. खगोलवाले सर म्हणाले, दिव्यांचे झोत खाली वळवले तरी पुष्कळ तारे परत दिसतील. मी भराभर आकाश रंगवलं आणि खाली रिकामा किनारा. आयोजक मागे येऊन हळूच म्हणाले, "असाच मोकळा ठेवा हां. पालिकेला हेच चित्र देणार आहोत."

पुढच्या रांगेतल्या मार्थामावशी सुकी मासळी विकतात. त्या वक्त्यांकडे बघतच नव्हत्या, माझ्या हाताकडे बघत होत्या.

"कोनाचा सर्वे हाय हा?"

"सर्वे नाही मावशी, चित्र आहे."

"मागच्या टायमाला पन चित्रच बोललेले. मग घरांवर पाडायचे नंबर टाकून गेले. आमची घरं कुठं हायत? धक्क्यावरची बत्ती? होड्या अंधारात काय ताऱ्यांकडं बघून लागतील?"

सर म्हणाले, "ती बत्ती हवीच. वरून झाकण बसवलं की झालं." मग मी बत्ती काढली, घरं काढली, बोंबील वाळवायच्या वलांडीही काढल्या. मावशी बोट दाखवून एकेक घर काढून घेत होत्या.

जेवणात भुजिंग होतं, भाजलेली कोंबडी आणि पोह्यांचं. वसई-विरारला गेलात तर चुकवू नका. मावशींचा नंबरही मी सुक्या बोंबलांसाठी घेतला. निघताना त्यांनी माझा कागद गुंडाळून सरळ काखेत मारला. "आमची घरं ह्याच्यावर हायत, कागद आमच्याकडं." मला रागच आला. आयोजक मात्र हसले. "न्या की, आमच्याकडे फोटो आहे." ते हसणं मला आवडलं नाही.

घरी पोचल्यावर मोबाईलवर पोस्टर आलं. माझं आकाश, कोपऱ्यात माझी सही. खालचा भाग कापलेला. 'सुटसुटीत दिसावं म्हणून,' आयोजकांनी लिहिलं होतं. मी मावशींना फोन लावला.

"मावशी, तो कागद जपून ठेवा. कोणालाही देऊ नका."



"ठेवलाय," मावशी म्हणाल्या. "पन हे तू कोनाकडून बोलतेस?"