मिस्त्रींचं रंधा मशीन

कुणाच्याही घरी गेले की मिस्त्री आधी टेबलाच्या नाहीतर दाराच्या कडेवरून उजव्या हाताचा अंगठा फिरवायचे. डोळे बारीक करायचे आणि यजमानाकडे न बघता निकाल द्यायचे, "दोन सूत बाहेर असा." एका इंचात आठ सूत. म्हणजे चूक सगळी पाव इंचाची. पण ते अशा आवाजात सांगायचे की घरमालकाने एकदा वर छताकडे बघून घ्यावं.

माझ्या साखरपुड्याला त्यांनी सासऱ्यांच्या नव्या कोऱ्या शोकेसवर अंगठा फिरवला. मी लांबून हात जोडले. ते गप्प बसले, पण जेवताना सारखे त्या शोकेसकडे बघत होते. शेवटी सासऱ्यांनीच विचारलं, "काही बिघडलंय का?"

"नाय नाय," मिस्त्री म्हणाले, "पोरगी बरी असा ना, मग झालं."

तुमच्याही शेजारी असा एखादा असेल. जगाला सुताराच्या काटकोनी गुण्यात धरून बघणारा.

नाहूरला आमची घरं भिंतीला भिंत लागून. ते मूळचे मालवणकडचे. विक्रोळीच्या एका कारखान्यात पॅटर्न मेकर होते, म्हणजे लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करून द्यायचा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्या कारखान्याला टाळं लागलं. बाकीचे गेटबाहेर मंडप घालून बसले. मिस्त्री पंधरा दिवस त्यांच्याबरोबर बसले आणि सोळाव्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या पडवीतलं सामान बाहेर काढायला लागले.

"इथे कारखाना काढतंय," ते म्हणाले. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, चुलीवरचं भांडं काढावं तशा शांतपणे म्हणाल्या, "काढा. पण घरात भुसा आला तर मी गावाला जाईन."

नाशिकला एक फर्निचरचं वर्कशॉप बंद झालं होतं. तिथे लाकूड सपाट करणारं जुनं रंधा मशीन होतं, अख्खं बिडाचं, सहाएकशे किलो. दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला येऊन ते घणाने फोडून नेणार होता. मिस्त्री धापा टाकत माझ्या दारात आले. माझा टेम्पो होता तेव्हा, मुलुंडच्या नाक्यावर उभा करायचो.

"आत्ता निघायचं," ते म्हणाले.

नाशिकला चेनपुलीने मशीन टेम्पोत चढवलं. मिस्त्रींनी त्याच्या चारही पायांना घरून आणलेल्या बाभळीच्या पाचरी ठोकल्या, दोर आवळले आणि स्वतः मागेच बसले, हातोडी घेऊन. मी म्हटलं, "पुढे या की, मिस्त्री." ते म्हणाले, "तू रस्ता बघ. मी मशीनाक बघतंय."

इगतपुरीला चहाला थांबलो. त्यांनी दोर चाचपला. "ढिला पडलो. सगळा सोडून परत बांधूया."

मला संध्याकाळी मुलुंडहून दुसरं भाडं होतं. मी घड्याळ बघितलं. "अहो, काही होत नाही. उजेड आहे तोवर घाट उतरू."

त्यांनी हातोडी उचलली आणि ते मागे चढले.

कसाऱ्याचा घाट सुरू झाला. केबिनच्या मागच्या काचेतून मला हातोडीचा आवाज येत होता. टक, टक, टक. प्रत्येक वळणाला मशीन जरा सरकायचं आणि ते पाचर परत ठोकायचे. तो आवाज येतोय तोवर सगळं ठीक, असं मी मनाशी धरलं होतं. वास्तविक दुसरा गियर टाकायला हवा होता. मी तिसऱ्यात होतो.

एका वळणावर समोरून चढणारा ट्रक दुसऱ्याला मागे टाकत माझ्या बाजूला आला. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. ट्रक आरसा घासून गेला. त्याच वेळी पाठीमागे, माझ्या मणक्यापासून वीतभर अंतरावर, दाणकन काहीतरी आपटलं. केबिन हादरली.

हातोडीचा आवाज थांबला.

डोंगराच्या कडेला टेम्पो लावला, चाकांखाली दगड सरकवले. "मिस्त्री!" हाक मारतच वर चढलो. दोर तुटून लोंबत होता. मशीन पुढे सरकून केबिनच्या पाठीला टेकलं होतं, आणि त्या दोघांच्या मधे मिस्त्रींचा डावा हात मनगटापर्यंत अडकला होता. ते गुडघ्यांवर होते. तोंड राखेसारखं झालं होतं.

"आरडू नको," ते हळू म्हणाले. "पहार घे. त्या पायाखाली घाल."

मी पहार घातली आणि सगळ्या ताकदीने दाबायला गेलो.

"थांब! रेटू नको. मशीन सुटला तर हात कोपरापर्यंत जाईल. आधी श्वास सोड."

मी श्वास सोडला.

"आता नुसता भार दे. दमान."

पहार वाकल्यासारखी वाटली. मशीन हललं की नाही मला कळेना, त्यांना कळलं. "एक सूत वर इला. धरून ठेव." उजव्या हाताने त्यांनी पाचर त्या फटीत टाकली आणि हातोडी मारली. टक. "परत." माझ्या डोळ्यांत घाम जात होता, पुसायला हात नव्हता. पहार घसरली असती तर काय झालं असतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. "दमान. आणि एक सूत." टक. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. बाजूने गाड्या जात होत्या, एकही थांबली नाही.

हात निघाला तेव्हा त्यांनी तो बघितला नाही. मी बघितला. डोक्याचा पंचा सोडून मी तो गुंडाळला.

मशीन पाचरींवर तोललेलं होतं. उरलेला घाट पहिल्या गियरमध्ये उतरलो. मिस्त्री या वेळी माझ्या शेजारी बसले होते, हात छातीशी धरून. शहापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?"

"माझाच हात घसरलो," मिस्त्री म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "जा, मशीनला तडा गेलो नाय ना, बघून ये."

तडा नव्हता. त्यांची दोन बोटं गेली.

घरी वहिनींनाही त्यांनी तेच सांगितलं. "पाचर मारताना नको तिथे हात ठेवलंय. माझीच चूक." मी तोंड उघडलं. त्यांनी चांगला हात माझ्या गुडघ्यावर ठेवून असा दाबला की मी गप्प झालो. वहिनी रडल्या नाहीत. तीन महिने त्यांनी त्या मशीनकडे बघितलं नाही, चादर टाकून ठेवलं होतं. चौथ्या महिन्यात ती चादर त्यांनीच धुवायला काढली.

मग पडवीतला कारखाना खरंच चालला. भांडुप, घाटकोपरच्या लहान ओतशाळांची कामं यायची. वरच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ झोपत म्हणून दुपारी दोन ते चार मशीन बंद. त्या दोन तासांत मी तिथे जाऊन बसायचो. एकदा विचारलंच, "तुम्ही वहिनींना खरं का नाही सांगितलंत?"

"तिना तुका दारात उभा केला नसता," ते भुसा झाडत म्हणाले. "आणि माका दुपारी बोलायला माणूस लागता."

पुढे मशीन विकून दोघं गावी गेली. पुढच्याच वर्षी मिस्त्री गेल्याचा निरोप आला. वहिनी घर रिकामं करायला एकट्याच आल्या, आणि मी टेम्पो घेऊन गेलो. रिकाम्या खोलीत मला राहवलं नाही. इगतपुरीचा दोर, माझं घड्याळ, तिसरा गियर, सगळं सांगून टाकलं.

त्या भांडी कागदात गुंडाळत होत्या. हात थांबले.

"हे त्यांना विचारून सांगतोयस?"

"ते आता कुठे आहेत, वहिनी?"

"मग मी ऐकलं नाही."

त्यांनी शेवटचं पातेलं गुंडाळलं, पेटीत ठेवलं, कडी लावली. माझ्याकडे बघितलं नाही.

"ते टोक धर," म्हणाल्या. "मला एकटीला नाही उचलवायची."