रेखाच्या पिशवीचा तळ

मंगळवार होता. मंगळवार, गुरुवार, शनिवार हे आमचे डायलिसिसचे दिवस. आमचे म्हणायची मला सवयच लागली होती, खरं तर मशीनला लागायची ती रेखा, मी नुसती सोबत. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत फाटकाशी आली आणि मी ओला-सुका डबा रिकामा करता करता गाडीवरच्या बाईशी नेहमीची हुज्जत घालत होते, की नारळाची शेंडी ओल्यात जाते की सुक्यात. तेवढ्यात फोन वाजला. माझे धाकटे दीर, विनयभाऊजी, रेखाचा नवरा. म्हणाले, "वहिनी, आज रिक्षा नका बोलावू." मी विचारलं, का, तुम्ही सोडताय का तिला? गाडीचं गाणं इतक्या मोठ्यानं चाललं होतं की पलीकडचं काही ऐकू येईना, मला वाटलं फोन कटला. मी दोनदा हॅलो हॅलो केलं... मग पलीकडून रडणं ऐकू आलं. रेखा झोपेतच गेली होती. मी हातातल्या डब्यासकट, बिना चपलेची, दोन गल्ल्या ओलांडून त्यांच्या घरी पोचले.

याला आता दीड महिना झाला. लोक म्हणतात, लिहा, मन हलकं होईल. हलकं-बिलकं काही होत नाही, सांगून ठेवते. मी लिहिते आहे कारण मला एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि जिच्याजवळ करायला हवी होती ती आता नाही.

रेखा माझी धाकटी जाऊ. इथल्याच माळव्यातल्या सांवेर गावची. वडील तिथे शाळेत मास्तर. लग्न होऊन आली तेव्हा तिचं अर्धं मराठी अन् अर्धं माळवी ऐकून आमच्या सासूबाई कपाळाला हात लावायच्या. सासऱ्यांच्या आजोबांनी संस्थानात कारकुनी केली होती, त्याचा तोरा आमच्या घरातून अजून उतरलेला नाही, आणि त्यात सगळ्यांत जास्त तोरा माझा. मी थोरली. शिलाईमशीनवर अख्ख्या कॉलनीचे ब्लाउज शिवलेली बाई. रेखाला साधा फॉल लावता यायचा नाही, तो मी शिकवला, तीनदा उसवायला लावून शिकवला. तिनं कधी तोंड वर करून उत्तर दिलं नाही. हसायची आणि पुन्हा सुई ओवायची.

पिशव्यांचं सगळं सुरू झालं तेही माझ्या ओरडण्यानं. राजवाड्याकडून येताना आम्ही दोघी भाजी घ्यायला थांबलो होतो. भाजीवाल्यानं कोथिंबीर, मिरच्या, आलं, लिंबं, एकेक वेगळ्या प्लॅस्टिकच्या पन्नीत घालायला सुरुवात केली. रेखा म्हणाली, "भिया, पन्नी मत दो." आणि सगळ्यांसमोर, भर बाजारात, तिनं पदर पसरला. सही में पसरला. त्यात टमाटे घ्यायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येईपर्यंत दम धरला आणि मग ओट्याशी तिला फाड फाड बोलले, की आपल्या घरातल्या बाया पदर पसरून उभ्या राहत नाहीत, भिकेचे डोहाळे लागलेत का तुला. ती ऐकून घेत टमाटे धूत राहिली. चार दिवसांनी दुपारी माझ्याकडे आली, मुठीतून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "ताई, आता पदर नाही पसरणार." सुती दोऱ्याची, क्रोशानं विणलेली पिशवी होती. चिमणीच्या पिल्लाएवढी दिसत होती. तिनं तिच्यात माझ्या घरातला अख्खा कोबी घातला, वर खरबूज घातलं, तरी ती ताणत गेली, फाटली नाही.

त्या पिशवीचे गुण मी आता सांगते आहे, तेव्हा एकदाही तोंडानं चांगली म्हटलं नव्हतं. वर जाळी, त्यामुळे मेथी गुदमरायची नाही. पट्टा रुंद, खांद्याला काचायचा नाही, अन् गाठ मारून आखूड केला की तीच हातात धरायची पिशवी. भाजी काढली की त्यातच कांदे भरून खिळ्याला टांगा. बटाटे नळाखाली त्यातच धुवा. प्रवासात पाण्याची बाटली घाला. मळली तर धुऊन वाळत टाका. आणि तळ... सगळी करामत तळात होती. तळ इतका गच्च की मोहरी ओतली तरी दाणा खाली पडायचा नाही, आणि तरीही मऊ. वरची जाळी कुठे सुरू होते ते बोटाला कळायचं नाही. दुसऱ्या बायकाही विणायच्या जाळीच्या पिशव्या, पण त्यांचा तळ महिन्याभरात लोंबायला लागायचा आणि बाई पुन्हा पन्नीवर. रेखाच्या पिशवीनं ज्या घरात पाय ठेवला त्या घरात पन्नी परत आली नाही. ती विकत नव्हती. घरोघर देऊन यायची, कुणाची उसवली तर दुरुस्त करून द्यायची. आमच्या कॉलनीत तिला नावच पडलं होतं, थैलीवाली आंटी.

पहिल्याच वर्षी ती मला म्हणाली होती, ताई, तुमचा हात चांगला आहे, तुम्ही शिका, दोघी मिळून करू. मी म्हटलं, बघू. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी विचारायची. मी कधी ब्लाउजचा गठ्ठा दाखवायची, कधी पाठ दुखते म्हणायची. एकदा तर म्हणाले, मशीन चालवणाऱ्या बाईनं आता क्रोशाचा आकडा घेऊन बसायचं का? खरं कारण वेगळं होतं आणि ते लिहायला आज हात जड होतोय. तिच्यापुढे बसून "असं का, हे कसं" विचारायचं, चुकले की तिनं उसवायला सांगायचं... धाकट्या जावेनं? ते मला झेपणारं नव्हतं. एवढंच. दुसरं काही नव्हतं.

मग तिच्या किडन्या गेल्या. जुई, तिची एकुलती मुलगी, पुण्याला नोकरीला. विनयभाऊजींना रक्त बघवत नाही. म्हणून सोबत मी. डायलिसिस चार तास चालतं, डाव्या दंडात दोन जाड सुया, तो हात हलवायचा नाही. पहिला महिनाभर ती छताकडे बघत पडून राहिली. नंतर एक दिवस तिनं उजव्या हातात क्रोशाची सुई घेतली, डाव्या हाताच्या दोन बोटांत विणकाम नुसतं चिमटीत धरलं आणि मला म्हणाली, तुम्ही फक्त धागा ढिला सोडत राहा, ओढू नका. तर पुढची दोन वर्षं मी काय केलं? धागा सोडला. तिच्या उशाशी स्टुलावर बसून, आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास. माझ्या हातातून धागा जात होता आणि हातभर अंतरावर तिचे टाके पडत होते. मी बघत होते कुठे? मोबाइलकडे, समोरच्या टीव्हीकडे, नर्सच्या केसांकडे. गाढवापुढे वाचली गीता, तसा प्रकार. तळ सुरू केला की ती म्हणायची, ताई, आता बघा, इथेच गंमत आहे. मी हो हो म्हणायची आणि बघायची नाही.

शेवटच्या शनिवारी तिचे हात सुजलेले होते. सुई दोनदा खाली पडली. दुसऱ्यांदा मी उचलून दिली तेव्हा तिनं ती घेतली नाही. म्हणाली, "ताई, माझ्यानंतर हे बंद पडेल हो. आज तरी घ्या हातात." तिच्या आवाजात विनवणी होती, तिनं उभ्या आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि मी काय म्हटलं, तर नवरात्र होऊ दे, मग बसू. ती बरं म्हणाली. सुई पिशवीत टाकली आणि डोळे मिटून घेतले. मंगळवारी फोन आला.

तेराव्याला सगळे पांगल्यावर जुई माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "काकू, आई फोनवर सांगायची, मंदाताईंना, म्हणजे तुम्हाला, सगळं शिकवून ठेवलंय. मला शिकवाल ना?" रेखानं असं का सांगितलं असेल? लेकीसमोर माझी लाज राखायची म्हणून? की मी मुलीला तरी नाही म्हणणार नाही, हे तिला माहीत होतं म्हणून? डोक्याचा भुगा झाला, मला कळलेलं नाही आणि आता कळायचंही नाही. मी तेव्हाच खरं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. मी म्हटलं, हो, ये पुढच्या महिन्यात, शिकवते. जुई माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली आणि मी खोटारडी तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसले.

दुसऱ्या दिवसापासून मी लागले. यूट्यूबवर सगळं असतं म्हणे. असतं, पण त्या पोरी इतक्या भरभर हात चालवतात की माझी सुई पहिल्या फासातच अडकायची, आणि शिवाय तो तळ तिथे कुणाचाच नव्हता. मग तिचीच पिशवी भिंगातून पाहिली. तळ आतून दुमडून शिवल्यासारखा, सुरुवात कुठे आहे तेच दिसेना. माझ्याजवळ तिच्या तीन पिशव्या होत्या. मला वाटलं, मी शिवणारी बाई, उलट बाजूनं उसवत गेलं की कसं शिवलंय ते समजतं. ब्लाउजचं तसंच असतं. एक उसवला की दुसरा बेतता येतो.

विणकामाचं तसं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे, जिनं सांगितलं असतं तिला मी विचारलं नव्हतं. क्रोशा शेवटच्या टाक्यापासूनच उसवतो. आधी पट्टा गेला, मग काठ, मग जाळी, ओळीमागून ओळ, सरसर. तळ ही सुरुवात, म्हणून तो सगळ्यांत शेवटी. तिथे पोचेपर्यंत पिशवी उरलेलीच नव्हती, आणि तळ उसवायला लागला तेव्हा डोळे फाडून बघत होते तरी एक टाका सुटला की तो कसा होता ते मला सांगता येईना. शेवटी हातात नुसतं दोऱ्याचं टोक. दुसरी पिशवी आणखी हळू उसवली. ह्यांनी येऊन माझा हात धरला, अगं वेडी झालीस का, काय उरवणार आहेस तिचं? मी हात झटकला. तिसरी उसवली. मग शेजारच्या बहूकडे तिची पिशवी मागायला गेले. खरं काय ते तिला सांगितलं, म्हटलं, उसवून बघायची आहे. तिनं पिशवी पाठीमागे लपवली. "नहीं आंटी, ये तो नहीं दूँगी." बरोबरच केलं तिनं.

गेल्या रविवारी जुई आली. मी चहासुद्धा विचारला नाही. तिला आत नेलं, पलंगावरचा दोऱ्याचा ढीग दाखवला आणि सगळं सांगितलं. पहिल्या वर्षापासून शेवटच्या शनिवारपर्यंत. आईनं मला काही शिकवलं नाही, मी शिकलेच नाही, आणि होत्या त्याही घालवून बसले. वाटलं, चिडेल, बोलेल. मला हवं होतं कुणीतरी बोललेलं. ती ढिगातला धागा हातात घेऊन बसली. सगळा धागा नागमोडी झाला होता. वर्षानुवर्षं एका टाक्यात राहिलेला, उसवला तरी त्याच वळणात. जिथे रेखाचा हात घट्ट तिथे वळण बारीक, जिथे सैल तिथे मोठं. जुई ते बोटानं चाचपत होती आणि मला ते बघवेना.

मग ती म्हणाली, लहानपणी आईनं तिला साखळी तेवढी शिकवली होती, ती येते. पुढचं करून बघू, चुकत चुकत. पण असा वाकडा धागा सुईला घेता येत नाही, गरम पाण्यात घालून सरळ करावा लागतो. नवा आणू का? मी म्हटलं, आण. आणि लगेच नको म्हटलं. चांगला धागा माळ्यावर ठेवून नवा विकत आणला असता तर रेखानं मला पहिल्यांदाच खडसावलं असतं. मी पातेलं चढवलं. पाण्याला उकळी आली. धाग्याची लडी मीच हातानं आत सोडली, आणि ती बुडता बुडता माझ्या तोंडून निघालं, काढ गं, काढ, जुई, नको... तिनं सांडशीनं लडी लगेच वर उचलली. सुती धाग्याला कितीसा वेळ लागतो. सरळ झाला होता. दुकानातून आणल्यासारखा.

तो वाळल्यावर जुई खुर्चीत बसली आणि मी तिच्यासमोर खाली, सतरंजीवर. तिनं माझ्या बोटाला धागा गुंडाळून दिला. मी चुकले. ती म्हणाली, उसवा काकू. मी उसवलं. पुन्हा चुकले, पुन्हा उसवलं. मग एक साखळी पडली, तिच्यामागे दुसरी, आणि वीतभर झाली.

दहा मिनिटं लागली, रेखा. जास्त नाही. दहाच मिनिटं.