बावीस नंबरचा गॅस

गल्लीत त्याला सगळे 'गारवा' म्हणत. घरचा फ्रिज असो की खाटकाची शीतखोली, यंत्र रुसलं की गारव्याला बोलावणं जायचं. ही विद्या सासऱ्यांची. जावयाला हाताशी घेतानाच मामांनी बजावलं होतं, "जावईबापू, हा बावीस नंबरचा गॅस म्हणजे गरीब गाय. पेटत नाही, वास मारत नाही, वर्षानुवर्षं नळीत मुकाट फिरून थंडी देतो. पण सुटला की हवेपेक्षा जड. खाली साचतो आणि हवेलाच हाकलून लावतो."

त्या दिवशी मासळीच्या गोदामातलं यंत्र बिघडलं होतं. यंत्र तळघरात. गारवा गाडीतून सिलिंडर उतरवेपर्यंत मामांना धीर कुठला! ते पुढे गेले. गारवा जिन्याच्या तोंडाशी पोचला, तर मामा खाली पालथे पडलेले. त्याने हाका मारल्या. हू नाही की चू नाही.

एक पाय पायरीवर पडलाही होता. तो त्याने मागे घेतला. आत्ता उतरलो तर दोन मुडदे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "दारं उघडा! पंखा आणा!" तो ओरडत सुटला. गोदामवाल्यांनी मोठा पंखा ओढत आणला, त्याची रुंद नळी खाली सोडली. तळघरात ताजी हवा भरेपर्यंत गारवा जिन्याच्या तोंडाशी उभा होता. नुसता उभा. मग धावत खाली जाऊन त्याने मामांना खांद्यावर टाकून वर आणलं, छाती दाबली, तोंडाने श्वास दिला. अंग अजून ऊन होतं, पण मामा गेले होते.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "उतरला असतात तर तुम्हीही गेला असतात."

बायकोने ते ऐकलं. घरी आल्यावर तिने विचारलं, "बाबा पडलेले दिसत होते ना तुम्हाला?"

"दिसत होते."

"आणि तुम्ही उभे राहिलात."

"हो."

सासूबाईंनी लेकीला जवळ ओढलं. "अगं, एकाच दिवशी दोघांना पोचवलं असतंस का?"

ती आईचा हात सोडवून स्वयंपाकघरात गेली. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती त्याचं ताट वाढत राहिली, डबा भरत राहिली. बोलणं तेवढं कामापुरतं उरलं.

गारवा अजून तेच काम करतो. दुसरं येतंय कुठे? दर तळघराच्या मालकाला हात जोडून सांगतो, "हवेला वाट ठेवा. दार लावू नका." मालक मान डोलावतात. त्याची गाडी वळली रे वळली, की यंत्राचा आवाज नको म्हणून दार लावून घेतात.